सूर्याची वेस

"यंदा सोंड अडकणार नाही ना, पोकळे?" आप्पासाहेबांनी चष्म्याच्या वरून बघत विचारलं, आणि मंडळाच्या खोलीत सतरंजीवर बसलेले सगळे कार्यकर्ते माना खाली घालून हसले.

भैरू पोकळे हसले नाहीत. त्यांनी हातातला चहा शांतपणे संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "यंदा हत्तीच न्हाई, आप्पासाहेब. सोंड अडकंल कुठनं?"

पुन्हा हशा झाला. पण या खेपेला तो भैरूंच्या बाजूने होता.

सोंडेचं दुखणं मात्र खरं होतं. चाळीसेक वर्षं भैरू पुण्यातल्या गणेश मंडळांसाठी हलते देखावे करत आले होते. धायरीतल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, गाड्यांच्या वायपरच्या मोटारी, सायकलच्या चेन आणि भंगारातली बेअरिंगं यांच्या जोरावर त्यांनी समुद्रमंथन घडवलं होतं, कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचवला होता, राक्षसांची बुबुळं गरागरा फिरवली होती. बापाच्या खांद्यावर बसून ते देखावे पाहिलेली माणसं आता आपली पोरं खांद्यावर घेऊन येत. आणि गेल्या वर्षी एका मंडळात, ऐन गर्दीत, गजेंद्राची सोंड वर गेली ती खाली आलीच नाही. कमळ धरून तशीच थरथरत राहिली. कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं, त्याला एक चावट गाणं जोडलं, आणि बघता बघता ते शहरभर झालं. ज्यांनी भैरूंचा एकही देखावा पाहिला नव्हता त्यांनाही सोंड ठाऊक झाली.

म्हणून सदाशिव पेठेतल्या या मंडळाने त्यांना बोलावलं हेच नवल होतं. दुसरं नवल त्यांना खोलीत शिरल्यावर दिसलं. समोरच्या भिंतीशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन, त्यांचा मुलगा समर्थ बसला होता. एलईडीचे मोठे पडदे भाड्याने देण्याचा त्याचा धंदा होता. सकाळी एकाच घरातून, एकाच पातेल्यातला चहा पिऊन दोघं दोन गाड्यांवर निघाले होते, आणि कुठे निघालो ते एकमेकांना सांगायचं दोघांनीही टाळलं होतं.

विषय ठरलेला होता. मंडळाच्या वरच्याच मजल्यावर पूर्णिमा साळवे राहत. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांनीच तो सुचवला होता. सत्त्याहत्तर साली सोडलेली दोन यानं, व्हॉयेजर नावाची. ती सगळे ग्रह मागे टाकून सूर्याच्या सीमेबाहेर गेली होती आणि तिथूनही अजून बोलत होती.

समर्थने आधी आपली चित्रफीत दाखवली. झगझगीत सूर्य, गरगरणारे ग्रह, मधून सुसाट जाणारं यान, मग एक निळा स्फोट आणि पलीकडे तारेच तारे. कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तुमचं बोला, पोकळे," आप्पासाहेब म्हणाले.

भैरू पूर्णिमाबाईंकडे वळले. "मॅडम, त्या शिवेवर हाय काय नेमकं? दिसतं कसं?"

"काहीच दिसत नाही," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "कुणी पाहिलेलं नाही ते. यानावर कण मोजायची उपकरणं आहेत. सूर्याकडून येणारे कण एकाएकी जवळजवळ संपले आणि बाहेरचे वाढले. त्यावरून कळलं की सूर्याचा वारा जिथपर्यंत पोचतो, ती हद्द ओलांडली."

"मंग पडद्यावर फुटलं ते काय?"

"ग्राफिक्स आहे ते, आबा," समर्थ म्हणाला.

"म्हंजे मनाचं."

"मनाचंच. पण छान केलंय," पूर्णिमाबाई हसून म्हणाल्या.

"मी खरं दावतो," भैरू म्हणाले.

कसं दाखवणार ते त्यांना त्या क्षणी अजिबात माहीत नव्हतं. पण ही त्यांची जुनीच खोड होती. आधी 'हो' म्हणायचं आणि मग शेडमध्ये जाऊन त्या 'हो'ला हातपाय लावायचे.

आप्पासाहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "या रस्त्यावर यंदा जिथे बघाल तिथे पडदा आहे. लोकांच्या घरी टीव्ही असतो, हे बहुतेक कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तेव्हा पोकळे, तुम्ही करा. श्रावण संपायच्या आत आम्ही येऊन बघू. पटलं नाही तर तुमच्या चिरंजीवांचा पडदा आहेच. घरातलं घरात."

*

रात्रीच्या जेवणाला ताटं मांडली तेव्हा समर्थचा ताबा सुटला.

"आबा, तुम्हाला काय गरज होती हो म्हणायची? मी तिथे कशाला गेलो होतो, कळलं नाही का तुम्हाला?"

"धंद्याला गेलतास. मंग काय झालं? त्यात लाज कसली?"

"धंद्याला नाही गेलो! एवढ्याशा मंडळाच्या मागे लागायला मला वेळ आहे का? आप्पासाहेब तुम्हाला बोलावणार हे कळलं, म्हणून गेलो. पडदा लागला असता, विषय संपला असता." तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तो व्हिडिओ मला किती जणांनी पाठवला माहितेय? माझ्या गिऱ्हाइकांनी पाठवला. 'तुझे फादर का रे?' म्हणून. पुन्हा तसं झालं तर? अजून किती हसू द्यायचं लोकांना?"

समर्थची आई आनंदीबाई भाकरी थापता थापता थांबल्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला नाही. मुद्दामच पाहिला नाही.

भैरूंनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, खाल्ला. "सोंड अडकली व्हती," ते म्हणाले. "मी न्हाई अडकलो. बेअरिंग जुनं वापरलं, ती माझी चूक. ती सुधारायची का शेडला कुलूप लावायचं? तूच सांग."

समर्थने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"अहो, पण ते दिसतच न्हाई म्हनं," आनंदीबाई हळूच म्हणाल्या. "मंग दावनार काय?"

"तेच बगायचं हाय आता," भैरू म्हणाले, आणि दुसरी भाकरी मागितली.

*

यान लवकर झालं. डब्याच्या वाटोळ्या झाकणाची मोठी अँटेनाची तबकडी, छत्रीच्या काड्यांचे लांबच लांब हात, पोटाला सोनेरी कागद. पूर्णिमाबाईंनी दिलेल्या चित्राबरहुकूम त्यांनी ते इतकं नीटस केलं की आनंदीबाईंनी त्याला देवघरातल्या वस्तूसारखं दोन्ही हातांनी उचलून बघितलं. पण पुढचं काही केल्या जमेना. काळ्या कापडावर दिव्याचा सूर्य लावला आणि तारेवरून यान सोडलं, तर ते विजेच्या तारेत अडकलेल्या पतंगासारखं दिसे. सीमा म्हणून पातळ जाळी लावून पाहिली. ती मच्छरदाणी वाटली. काच लावली, यान दुकानात शिरतंय असं झालं. भैरू दर वेळी सगळं उतरवत, बिडी ओढत बसत, आणि पुन्हा काहीतरी लावत. घाबरले नव्हते. देखावा आधी रुसतोच, हा त्यांचा अनुभव होता.

एका रविवारी सकाळी पूर्णिमाबाई स्कूटरवरून धायरीला आल्या. यान पाहून त्या खूश झाल्या. बाकीचं पाहताना मात्र नजर चुकवू लागल्या.

"बोला की मॅडम. वाईट हाय ते मलाबी कळतंय."

"वाईट नाही, काका. पण सीमा म्हणजे भिंत नव्हे. सूर्यातून सतत वारा सुटलेला असतो, चहूबाजूंनी, प्रचंड वेगाने. पुढे पुढे तो पातळ होतो. मग एका जागी अचानक मंदावतो, दाटतो. आणि त्याच्याही पुढे तो पूर्ण थांबतो." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शेडच्या दाराशी भांडी घासायची मोरी होती. तिच्यात एक रुंद कडप्पा बसवलेला होता. "नळाला पाणी आहे?"

नळाला पाणी होतं. पूर्णिमाबाईंनी तो सोडला. धार कडप्प्यावर पडली आणि पाणी चहूकडे पसरलं. आधी अगदी पातळ, काचेसारखं गुळगुळीत; आणि मग हातभर अंतरावर एक उंचवट्याची गोल कड उठली, तिच्या पलीकडे तेच पाणी जाड, संथ, सुरकुतलेलं.

"हे बघा. धार पडते तो सूर्य. गुळगुळीत आहे तो त्याचा वेगातला वारा. आणि ही कड, इथे तो एकदम मंदावतो. खरं म्हणजे तिकडेही साधारण असंच घडतं."

भैरू उकिडवे बसले. त्यांनी बोट पुढे केलं आणि गुळगुळीत पाण्यात टेकवलं; बोटामागे पाणी बाणासारखं फाकलं. मग बोट बाहेर सरकवत कडेपलीकडे नेलं. तिथे पाणी बोटाला नुसतं वळसा घालून गेलं. ते बराच वेळ बोट आतबाहेर करत राहिले.

"हे तर मी रोज बगते," मागून आनंदीबाई म्हणाल्या. त्या चहा घेऊन आल्या होत्या.

"मीपण रोजच बघते," पूर्णिमाबाई हसल्या. "तरी नोकरी लागल्यावर कुणीतरी सांगितलं तेव्हा दिसलं."

"आलं ध्यानात," भैरू उठत म्हणाले. "ही सूर्याची वेस. गावाला वेस असती तशी. आत गाव, भाईर काय न्हाई. रान."

पूर्णिमाबाईंनी चहाचा कप घेतला. एक घोट घेतला. "वेशीबाहेर काही नसतं, असं गावातल्यांना वाटतं, काका," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा वेशीबाहेरच राहायचे. आमची पन्नासेक घरं होती तिकडे. विहीर वेगळी, पण होती."

त्यांनी ते अगदी सहज, आवाज न चढवता सांगितलं. आनंदीबाई पदराशी चाळा करू लागल्या. भैरूंनी मान खाली घातली. मग वर केली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मंग भाईर काय हाय, ते सांगा."

"बाहेरही वारा आहे. दुसऱ्या ताऱ्यांचा, फार जुना, थंड. तो सूर्याच्या वाऱ्याला बाहेरून रेटतो. दोघांचा रेटा जिथे सारखा होतो, तिथे ती हद्द. नुसती सूर्याने ठरवलेली नाही ती. दोघांची मिळून आहे."

"म्हंजे दोन पानी लागतील."

"हो," पूर्णिमाबाई म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे एकदम लकाकले. "हो की! दोन पाणी लागतील!"

*

फरशीवाल्याकडून भैरूंनी एक भला थोरला काळा कडप्पा आणला आणि तो घासून आरशासारखा केला. पाणसळ लावून लावून चारी कोपरे एका पातळीत आणले. कारण फरशी जराशी कलली तरी सूर्याचं गाव एका बाजूला वाहून जाई. मध्यावर वरून एक धार, कूलरच्या पंपाची. एका कडेने दुसरा पंप, पाण्याची रुंद पातळ चादर आत ढकलणारा. फरशीवरून ओघळलेलं पाणी खालच्या तसराळ्यात पडून पुन्हा पंपात. दोन्ही पंप चालू केल्यावर सूर्याकडचं पाणी आणि बाहेरचं पाणी एकमेकांना भिडलं, आणि जिथे भिडलं तिथे एक बारीक, थरथरती, जिवंत रेघ उमटली. पंपाचा जोर थोडा कमीजास्त केला की ती रेघ मागेपुढे सरके.

बाहेरच्या पंपासमोर सूर्याचं पाणी दबलेलं, विरुद्ध बाजूला लांबवर ओढलेलं. भैरूंनी पाठवलेल्या फोटोवर पूर्णिमाबाईंचा निरोप आला : "अगदी बरोबर!!!"

घोटाळे झालेच. बाहेरचं पाणी निळं आणि सूर्याचं पिवळं करावं म्हणून भैरूंनी रंग टाकले, आणि पहिला चहा होईतो तसराळ्यात दोन्ही मिसळून शेणकाल्यासारखा रंग झाला. आनंदीबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग रंगाचा नाद सोडून भैरूंनी दिवे लावले. मध्यावर पिवळे, कडेला निळे. यानाला त्यांनी वरून एका दांडीवर टांगलं, आणि दांडी फिरत्या आट्यांवर बसवली. इतकी सावकाश की यान हलतंय हे कळूच नये. नजर काढून पुन्हा पाहिलं तर पुढे गेलेलं दिसावं. यानाची सर्वांत लांब काडी पाण्याला जेमतेम टेकलेली होती. कडेवरून जाताना ती किंचित थरथरे. सगळी बेअरिंगं नवी होती.

आप्पासाहेब ठरल्याप्रमाणे बघायला आले. काठीवर रेलून त्यांनी यान मध्यापासून रेघेपर्यंत जाईस्तोवर पाहिलं. समर्थ दाराच्या चौकटीला टेकून आप्पासाहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"गळत नाही ना?" आप्पासाहेबांनी अखेर विचारलं.

"न्हाई."

"मग टेम्पो कधी पाठवू?"

*

पहिले दोन दिवस गर्दी बेताचीच होती. पलीकडच्या चौकात पडद्यावर लढाई चालू होती. तिचे तोफगोळे इथपर्यंत ऐकू येत. इथे थांबणारे थांबत, बाकीचे "पाणी आहे रे नुसतं" म्हणून पुढे जात. एका पोरसवद्याने तर विचारलं, "काका, सोंड कुठंय?" भैरू म्हणाले, "घरी ठेवलीय. तुला पायजे का?" त्याचे मित्रच त्याला हसले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, गर्दी लोटली आणि त्याच वेळी सगळी वीज गेली. तार जोडणाऱ्याने पेटी उघडून पाहिलं. मंडळाने आयत्या वेळी नवी रोषणाईची कमान उभारली होती, आणि एवढा भार त्या जोडणीला पेलत नव्हता. वीज परत आली, पुन्हा गेली. "कमान तरी बंद करा, नाहीतर देखावा," तो म्हणाला.

"कमानीवर जाहिरातदाराचं नाव आहे," आप्पासाहेब म्हणाले. "कमान विझवली तर तो मला विझवेल."

एका कार्यकर्त्याने समर्थला आधीच फोन केला होता. पाऊण तासात तो टेम्पोत जनरेटर घालून हजर झाला. बोळाच्या तोंडाशी टेम्पो लागला, आणि त्याने चाचणीसाठी जनरेटर सुरू केला. त्या घरघरीत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना.

भैरू तिथे गेले आणि हातानेच 'बंद कर' म्हणाले.

"आबा, आता हट्ट नको," घरघर थांबल्यावर समर्थ म्हणाला. "गर्दी उभी आहे. मोबाइल काढून उभी आहे."

"दिसतंय मला. पर ह्या आवाजात पान्याचा आवाज मरंल. तू ये माझ्यासंगं."

मांडवात परत येऊन भैरूंनी तार जोडणाऱ्याला वीज पुन्हा सोडायला लावली आणि आपली बटणांची फळी उघडली. समोर माणसं खरंच मोबाइल उंचावून उभी होती. भैरूंनी आधी दोन्ही बाजूंचे पंखे बंद केले. मग ध्वनिवर्धक, निवेदन मध्येच तुटलं. मग छताला लावलेले दिव्यांचे तारे. गर्दीत चुळबुळ झाली. कुणीतरी शीळ घातली.

"काका, सगळंच चाललंय का?" पूर्णिमाबाई पुढे येऊन म्हणाल्या.

"पंप ऱ्हातील. यान ऱ्हाईल. बाकीचं घालवतो एकेक. तुमी बोला, मॅडम. तोंडानं बोला."

पूर्णिमाबाई क्षणभर त्या फळीकडे बघत राहिल्या. मग त्या मांडवाच्या कडेला, लोकांच्या समोर उभ्या राहिल्या. वर्गात बोलतात तसा त्यांनी आवाज लावला.

"मंडळी, वीज कमी पडतेय, म्हणून आमचे पोकळेकाका एकेक गोष्ट बंद करताहेत. आणि तुम्हाला सांगते, खऱ्या यानावर आत्ता नेमकं हेच चाललंय. त्याची वीज दरवर्षी थोडी थोडी कमी होते. तिथे कुणी जाऊ शकत नाही. मग इथली माणसं त्याला निरोप पाठवतात. आता हा हीटर बंद कर, आता हे उपकरण बंद कर. निरोप पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो, उत्तर यायला आणखी एक दिवस. एकेक बंद करत करत त्याला बोलतं ठेवलंय. सूर्याच्या वेशीबाहेर आहे ते. आणि अजून बोलतंय."

शीळ थांबली. भैरूंनी पिवळे दिवे घालवले. आता फक्त कडेचे निळे उरले आणि त्यांत पाणी मोठं गढूळ, सपाट दिसू लागलं. कड दिसेना, रेघ दिसेना. भैरू ओठ आवळून फरशीकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांचा हात फळीवर घुटमळला.

"आबा," समर्थ कानाशी म्हणाला, "निळेही घालवा."

"अरे, मंग दिसंल काय?"

"घालवा तर. वरून उजेड टाकलाय तुम्ही, म्हणून सपाट होतंय. आडवा पाहिजे." तो धावत टेम्पोकडे गेला आणि वीतभर लांबीची एक बारीक दिव्याची पट्टी घेऊन आला. ती त्याने फरशीच्या कडेला, पाण्याच्या अगदी अंगालगत, आडवी टेकवली. भैरूंनी निळे दिवे घालवले. क्षणभर सगळा काळोख झाला. समर्थने पट्टीची तार जोडली.

पाण्यावरून उजेड घसरत गेला आणि प्रत्येक उंचवट्याची सावली पडली. मधली गोल कड एखाद्या डोंगररांगेसारखी उभी राहिली. तिच्या पलीकडे ती भिडण्याची रेघ, इतके दिवस केसासारखी बारीक दिसणारी, काळ्याभोर फरशीवर लखलखत थरथरू लागली. तिच्यावरून यानाची काडी सरकत होती, आणि काडी टेकली होती तिथून दोन्ही पाण्यांत वेगवेगळ्या लाटा उठत होत्या. पाण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता.

"ओलांडलं का?" गर्दीतून एका बाईने अगदी हळू विचारलं.

"ओलांडतंय," पूर्णिमाबाई म्हणाल्या.

मोबाइल खाली आले होते. सगळेच नव्हे; पण बरेच.

भैरूंनी समर्थच्या पाठीवर हात ठेवला. "आडवा," ते म्हणाले. "हे मला सुचाय पायजे व्हतं."

"माझा धंदाच उजेडाचा आहे, आबा," समर्थ म्हणाला. त्याची नजर पाण्यावरून हलत नव्हती.

त्यानंतर वीज पुरेशी मिळाली तरी त्यांनी दुसरे दिवे लावले नाहीत. लोक पेठेतून, कोथरूडहून, पार हडपसरहून येऊ लागले. पूर्णिमाबाईंचा आवाज सातव्या दिवशी बसला, तेव्हा त्यांच्या विद्यार्थिनी पाळीपाळीने बोलल्या. बक्षीस लढाईच्या पडद्याला मिळालं. कार्यकर्ते चिडले, आप्पासाहेब म्हणाले, "बरं झालं. ढाल ठेवायला खोलीत जागा नाही."

विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्यांनी भैरूंना बाजूला घेतलं. या वेळी चष्म्याच्या वरून पाहिलं नाही. चष्मा काढूनच हातात घेतला.

"पोकळे, पोरांची बैठक झाली. पुढच्या वर्षी पडदाच घ्यायचा म्हणतात. मी विरोध केला. पण आता माझ्याच मताला फारसा भार राहिलेला नाही."

"चालायचंच," भैरू म्हणाले.

"वाईट वाटलं?"

भैरूंनी विचार केला. "वाटलं," ते म्हणाले. "पर ह्यो देखावा झाला न्हवं का. झालेला कोन काढून घेतोय?"

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला निघून गेले.

*

विसर्जनाच्या दिवशी दुपारी शेवटचा खेळ झाला. उन्हाची तिरीप आत येऊ नये म्हणून समोर जाड पडदा लावला होता. तो पुरता बाजूला सारला आणि माणसं बाहेर पडली. बोळात ढोल तापवत होते. मूर्ती रथावर ठेवायची घाई चालली होती.

एवढे दिवस प्रत्येक खेळ संपला की भैरू दांडीचं हँडल उलटं फिरवून यान पुन्हा मध्यावर, सूर्यापाशी, आणून ठेवत. आज त्यांनी हँडलला हात लावला नाही. यान रेघेच्या पलीकडे, फरशीच्या कडेशी होतं. त्यांनी बाहेरचा पंप बंद केला. मग सूर्याचा. गुळगुळीत वर्तुळ लहान लहान होत आलं, कड आत आत आली, आणि धारेचे शेवटचे थेंब पडून थांबले. काळ्या फरशीवर पाण्याचा पातळ ओलावा तेवढा राहिला.

"अहो पोकळे," समोरच्या गॅलरीतून इंदुबाई म्हणाल्या. नव्वदीच्या त्या बाई रोज वरूनच देखावा बघत. "ते मागे नाही का घ्यायचं?"

"न्हाई, आज्जी," भैरू म्हणाले. "ते काय मागं यायचं न्हाई."

त्यांनी हात पुसले, टोपी नीट केली आणि मिरवणुकीत जाऊन उभे राहिले. कुणीतरी त्यांच्या कपाळाला गुलाल लावला.

थोड्या वेळाने समर्थ आपली दिव्याची पट्टी काढून न्यायला मांडवात आला. तार उपसायला तो वाकला. पट्टी अजून पेटलेलीच होती, आणि ओल्या फरशीवर, अगदी कडेला, यानाची लांबलचक सावली पडली होती. तो तसाच वाकून काही वेळ बघत राहिला. मग तार होती तशीच ठेवून, समोरचा पडदा हलकेच ओढून घेऊन, तो ढोलांच्या आवाजाकडे गेला.